परवाना कशाचा?

मराठीतला 'परवाना' हा शब्द फार सोशिक आहे. दारूच्या दुकानाला परवाना, बंदुकीला परवाना आणि गाडी हाकायलाही परवानाच. वाहतूक खात्याच्या खिडकीपुढे उभा असलेला माणूस मात्र इतका ढिला नसतो. तो लायसन, बॅज आणि परमिट असे तीन शब्द वापरतो आणि त्यांची कधी गल्लत करीत नाही. गाडी चालवता येते एवढेच सांगते ते लायसन. पैसे घेऊन उतारू नेण्याची मुभा देतो तो बॅज. अमुक एक गाडी भाड्याने फिरवण्याचा हक्क देते ते परमिट. पहिले कसबाविषयी बोलते, उरलेली दोन पोटापाण्याविषयी. इतक्या साध्या फरकासाठी दिवाळी अंकाची पाने कशाला खर्ची घालावीत, असे वाचक म्हणतील. पण पेडणे आणि डिचोली या आमच्या दोन तालुक्यांत चहाच्या टेबलावर, देवळाच्या पायरीवर आणि निवडणुकीच्या कोपरासभेत जो वाद अधूनमधून पेटतो, तो या फरकाचा विसर पडल्यामुळे पेटतो, असे मला वाटते. 'भायल्यांना लायसन देऊ नये' हे त्या वादाचे एका ओळीतले रूप.

आता हा भायलो म्हणजे कोण, हे आधी पाहिले पाहिजे.

डिचोलीच्या खाणपट्ट्यात ट्रक चालवायला विजापूर-बागलकोटकडून आलेला ड्रायव्हर हा पहिला. २०१२ मध्ये खाणी बंद पडल्या, पुढे २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ८८ लीज रद्द केल्या आणि ट्रक दारात उभे राहिले. ट्रकमालकांची कर्जे, त्यांचे मोर्चे, त्यांना मिळालेली मदत यांवर पुष्कळ लिहिले गेले. ड्रायव्हरचे काय झाले हे कोणी विचारले नाही. तो कुठे टिप्पर, कुठे पाण्याचा टँकर चालवीत इथेच राहिला. तो भारताचा नागरिक आहे. देशात कुठेही जाण्या-राहण्याचा हक्क त्याला घटनेच्या एकोणिसाव्या कलमाने दिला आहे. पण त्याचे रेशनकार्ड गावी, मतदारयादीतले नाव गावी, आणि इथल्या खोलीचा कसलाच कागद नाही.

दुसरा मोरजी, मांद्रे, हरमल या किनाऱ्यावरचा परदेशी. मोरजीला लोक 'छोटा रशिया' म्हणू लागले त्याला आता बराच काळ लोटला. यातले बहुतेक रीतसर व्हिसावर येतात आणि जातात. काहींचा व्हिसा संपतो आणि ते राहतात. काळ्या पाटीवर पिवळे आकडे असलेली भाड्याची स्कूटर घेऊन ते ज्या रस्त्यावरून जातात, त्याच रस्त्यावरून आमच्या बायका डोक्यावर पाटी घेऊन बाजाराला जातात.

तिसरा जरा अवघड आहे. त्याचे घर इथले, कुळाचा देव इथला, बोली इथली. त्याच्या आजोबाचा जन्म १९६१ च्या डिसेंबरपूर्वी पोर्तुगीज अमदानीत झाला, म्हणून पोर्तुगालच्या कायद्याप्रमाणे लिस्बनला जन्मनोंद करून तो पोर्तुगीज नागरिक झाला. स्विंडनला जाऊन गोदामात काम करतो. आपल्या १९५५ च्या नागरिकत्व कायद्याच्या नवव्या कलमाप्रमाणे, स्वखुशीने परके नागरिकत्व घेतल्याक्षणी तो भारताचा नागरिक उरला नाही. पण चतुर्थीला गावी येतो तेव्हा खिशात भारतीय लायसन असते, आणि त्यावर तो भावाची गाडी बिनघोर फिरवतो. त्याला भायलो म्हणायची कोणाची छाती नाही.

म्हणजे गंमत पाहा. जो कायद्याने नागरिक तो भायलो, आणि जो कायद्याने परका तो आमचो! याचा अर्थ आमचा वाद कायदेशीर-बेकायदेशीर यांचा नाहीच. तो 'खंयचो रे तू?' या प्रश्नाचा आहे. आमच्या भागात अनोळखी माणसाला पहिला प्रश्न हाच विचारतात, आणि त्यात दुष्टावा असतोच असे नाही. उत्तरातून गाव कळते, घराणे कळते, काही वेळा दूरचे नातेही निघते आणि चहा मिळतो. पण स्टिअरिंगवर बसलेल्या माणसाला पहिला प्रश्न हा असावा का?

आपल्या मोटार वाहन कायद्याने तो विचारलेला नाही. १९८८ च्या या कायद्याचे तिसरे कलम सांगते की, कोणतीही व्यक्ती लायसनशिवाय सार्वजनिक जागी वाहन चालवणार नाही. 'व्यक्ती' हा तिथला शब्द आहे, 'नागरिक' नव्हे. वय हवे, प्रकृती हवी, परीक्षा हवी, आणि त्या भागात राहण्याचा किंवा धंद्याचा पत्ता हवा. पुढे १९८९ चे केंद्रीय नियम झाले, त्यांत वयाच्या व पत्त्याच्या पुराव्यांची यादी दिली आणि शेवटी, यांतले काहीच सबळ कारणाने देता येत नसेल तर दंडाधिकारी किंवा नोटरीपुढे केलेले प्रतिज्ञापत्रही स्वीकारता येईल, अशी वाट ठेवली होती. नियम करणाऱ्यांना आपल्या देशातली माणसे ठाऊक होती म्हणायची. आधारचेही तसेच. मागच्या बारा महिन्यांत १८२ दिवस जो इथे राहिला त्याला आधार क्रमांक मिळतो, आणि तो नागरिकत्वाचा पुरावा नाही असे २०१६ च्या आधार कायद्यातच लिहिले आहे. 'इथे राहतो' आणि 'इथला आहे' या दोन गोष्टी कायद्याने कधीच्याच वेगळ्या केल्या. लोकांच्या मनात त्या अजून एकच आहेत, आणि खिडकीमागचे कारकूनही लोकांतलेच असतात.

अमेरिकेत हाच वाद उघड आणि कडवटपणे झाला. तिथे गाडीशिवाय दूध आणायलासुद्धा जाता येत नाही, आणि लक्षावधी माणसे देशात राहण्याच्या कागदांशिवाय राहतात. कॅलिफोर्नियाने २०१३ मध्ये कायदा करून अशा लोकांना परीक्षा घेऊन लायसन द्यायचे ठरवले. २०१५ या पहिल्याच वर्षी सहा लाखांहून अधिक लायसने दिली गेली. न्यूयॉर्कमध्ये २००७ साली गव्हर्नर स्पिट्झर यांना असाच बेत विरोधामुळे गुंडाळावा लागला होता, तो कायदा तिथे २०१९ मध्ये झाला. मॅसॅच्युसेट्समध्ये २०२२ मध्ये हा प्रश्न थेट मतदारांपुढे ठेवला आणि मतदारांनी कायदा राखला. ब्रिटन उलट दिशेने गेले. २०१४ च्या कायद्याने बेकायदा राहणाऱ्यांचे लायसन रद्द करण्याचा अधिकार तिथल्या सरकारने घेतला. मग असे झाले की ज्यांचे राहणे पूर्ण कायदेशीर होते अशांचीही लायसने रद्द झाली आणि ती परत द्यावी लागली. कागद तपासणारा माणूस जेव्हा एका कागदावरून दुसऱ्या कागदाचा अंदाज बांधू लागतो, तेव्हा असेच व्हायचे.

कॅलिफोर्नियाच्या अनुभवाचा स्टॅनफर्डच्या अभ्यासकांनी हिशेब केला, तो २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. अपघातांची एकूण संख्या त्या कायद्याने वाढली नाही, घटलीही नाही. पण अपघात करून पळून जाण्याचे प्रकार सात ते दहा टक्क्यांनी कमी झाले. मला या वादातली सगळ्यात बोलकी गोष्ट हीच वाटते. कारण पळून जाणे हे गाडी चालवण्याच्या कसबाशी निगडित नाही. ते भीतीशी निगडित आहे.

ही भीती आपल्या कायद्यालाही ठाऊक आहे. अपघात झाल्यावर जखमीला जवळच्या डॉक्टरकडे नेणे हे ड्रायव्हरचे कर्तव्य आहे, असे मोटार वाहन कायद्याचे १३४ वे कलम सांगते, आणि लगेच जोडते की जमावाच्या क्षोभामुळे किंवा आवाक्याबाहेरच्या अन्य कारणामुळे ते अशक्य असेल तर गोष्ट वेगळी. जमावाचा क्षोभ! कायद्याच्या रूक्ष भाषेत एवढा जिवंत शब्दप्रयोग क्वचित सापडतो. गावातला पोरगा कोणाला ठोकतो तेव्हा जमाव त्याच्या बापाला बोलावतो. भायला ड्रायव्हर ठोकतो तेव्हा काय होते, ते सांगायला नको. त्यात त्याच्याकडे लायसनही नसले तर थांबण्याचे कोणतेच कारण त्याच्यापाशी उरत नाही. लायसन नसल्याचा दंड २०१९ च्या दुरुस्तीने पाचशेवरून पाच हजार झाला. ही रक्कम अशा माणसाला पळून जाण्यापासून रोखत नाही, उलट हुरूप देते.

आणि तो पळाला तर रस्त्यावर पडलेल्याचे काय होते? ड्रायव्हर आणि गाडी सापडली, तर वारसांना अपघात दावा न्यायाधिकरणापुढे जाता येते. तिथे मृताचे वय, मिळकत, मागे राहिलेली माणसे हे सगळे धरून भरपाई ठरते. ड्रायव्हरकडे वैध लायसन नव्हते एवढ्यावर विमा कंपनीला जखमीपुढे हात वर करता येत नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने २००४ साली स्वर्णसिंग खटल्यात स्पष्ट केले. आधी पैसे द्या, मग गाडीमालकाकडून वसूल करा, असा आदेश कंपनीला देता येतो. पण गाडी सापडलीच नाही, तर सरकारी योजनेतून मृत्यूला दोन लाख आणि गंभीर दुखापतीला पन्नास हजार. तेही १ एप्रिल २०२२ पासून. त्याआधी ही रक्कम पंचवीस हजार आणि साडेबारा हजार होती. शिवोलीच्या पुलावर किंवा सांखळीच्या वळणावर पडलेल्या माणसाच्या घरी काय येणार, हे ठोकणारा थांबला की पळाला यावर ठरते. तो कुठला होता यावर नाही.

पोर्तुगीज भाषेत लायसनला 'कार्ता' म्हणतात, म्हणजे पत्र. आमच्या तालुक्यांतल्या जुन्या माणसांच्या कानावरून हा शब्द गेलेला असेल. मला तो आवडतो, कारण पत्र म्हटले की ते कोणाला लिहिले आहे हा प्रश्न आपोआप येतो. हे पत्र ज्याच्या खिशात असते त्याला लिहिलेले नसते. समोरून येणाऱ्याला, रस्ता ओलांडणाऱ्याला, साकवावर बसलेल्या म्हाताऱ्याला ते लिहिलेले असते: या माणसाला ब्रेक कुठे असतो ते ठाऊक आहे, आणि काही झाले तर तो अमुक ठिकाणी सापडेल. मग एखाद्याला परीक्षाच द्यायची नाही असे आपण ठरवतो, तेव्हा शिक्षा कोणाला करतो?

विरुद्ध बाजूचे म्हणणे मी हलके समजत नाही. मोपच्या विमानतळावरून ५ जानेवारी २०२३ रोजी विमाने उडू लागली. ज्या तालुक्यातल्या काजूच्या बागायती आणि भरडाची जमीन त्यासाठी गेली, तिथल्या टॅक्सीवाल्यांना आपल्याच दारातल्या धंद्यासाठी त्याच वर्षी आंदोलन करावे लागले. ज्याने जमीन दिली त्याचा पोरगा स्टँडवर उभा, आणि उतारू मोबाइलवर बोलावलेल्या दुसऱ्याच गाडीत बसून निघून जातो, हे पाहणाऱ्याला घटनेची कलमे वाचून दाखवणे हा उद्धटपणा आहे. मोरजीचा एक टॅक्सीवाला मला म्हणाला, की परदेशी माणूस परदेशी उतारूंना स्वतःच्या गाडीतून विमानतळावर सोडतो, पैसे परदेशातच चुकते होतात, आणि आम्ही माड मोजीत बसतो. त्याचा राग खरा आहे. पण तो राग परमिटचा आहे. भाड्याने गाडी फिरवण्याच्या हक्कात स्थानिकाला झुकते माप द्यावे, जमीन गेलेल्याला आधी द्यावे, बेकायदा भाडे मारणाऱ्याची गाडी जप्त करावी, हे सगळे मला मान्य आहे. तिथे 'खंयचो रे तू?' हा प्रश्न योग्य जागी आहे. टँकर चालवणाऱ्याला परीक्षेलाच बसू न दिल्याने मोरजीच्या टॅक्सीवाल्याला एकही भाडे जास्त मिळत नाही.

दुसरा आक्षेप अधिक तात्त्विक आहे. ज्याचे इथे असणेच कायद्याविरुद्ध, त्याला कायद्यानेच कागद द्यायचा म्हणजे चोराला किल्ली देणे. मग जो रांगेत थांबला, ज्याने व्हिसा वेळेवर वाढवून घेतला, तो मूर्ख ठरतो. यात तथ्य आहे. व्हिसा संपलेल्याला परत पाठवण्याचा सरकारचा अधिकार कोणी नाकारीत नाही. म्हापशाला परदेशी नागरिकांसाठी स्थानबद्धता केंद्र आहे ते त्यासाठीच. पण घटनेच्या एकविसाव्या कलमाने जीविताचे संरक्षण 'व्यक्ती'ला दिले आहे, आणि अरुणाचलातल्या चकमांच्या खटल्यात १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, नागरिक असो वा नसो, प्रत्येक माणसाच्या जिवाचे रक्षण करायला राज्य बांधलेले आहे. जोसेफ कॅरन्स नावाच्या तत्त्वज्ञाने २०१३ च्या आपल्या ग्रंथात यासाठी एक उपाय मांडला आहे: परकीयांना हुडकणारे खाते आणि रोजच्या जगण्याची खाती यांच्यामध्ये भिंत असावी. म्हणजे आजारी माणूस दवाखान्यात जायला आणि लुबाडलेला मजूर तक्रार करायला भिणार नाही. लायसनची खिडकी मी त्या भिंतीच्या अलीकडच्या बाजूला ठेवीन.

सिंधुदुर्गातल्या वाचकांना भिंतीचा हा मुद्दा वेगळा समजावून द्यायला नको. २०१८ च्या जानेवारीत बांबोळीच्या गोमेकॉत गोव्याबाहेरच्या रुग्णांना शुल्क सुरू झाले, तेव्हा दोडामार्गापासून सावंतवाडीपर्यंत केवढा संताप उसळला होता! पिढ्यान्पिढ्या त्या इस्पितळाच्या पायऱ्या चढलेली माणसे एका परिपत्रकाने भायली झाली. वास्तविक १७८८ पर्यंत पेडणे महाल सावंतवाडीकरांचाच होता. खेम सावंतांच्या हातून तो पोर्तुगिजांकडे गेला नसता, तर आज भायला कोण ठरला असता? असो. शुल्क घ्यावे की नाही यावर दोन मते असू शकतात. पण मोडलेला पाय आधी बांधावा आणि गाव मागून विचारावे, याबद्दल सीमेच्या दोन्ही अंगांना तेव्हाही दुमत नव्हते.

आणि 'इथला' होण्याला किती काळ लागतो, याचे उत्तर गोव्याने स्वतःच देऊन ठेवले आहे. सरकारी नोकरीसाठी मामलेदाराचा पंधरा वर्षे वास्तव्याचा दाखला लागतो. म्हणजे जन्माने नाही, तरी काळाने माणूस इथला होतो हे तत्त्व मान्यच आहे. खाणी बंद पडल्यावरही न गेलेल्या त्या ड्रायव्हरची पंधरा वर्षे भरत आलेली असतील, कदाचित भरूनही गेली असतील. पण ती भरल्याचे दाखवायला कागद लागतो, आणि कागद नसल्याने वर्षे मोजलीच जात नाहीत. डिचोलीकरांना हे दुखणे नवे नाही. मये गावाचे लोक पिढ्यान्पिढ्या कसत असलेल्या जमिनीत, बांधलेल्या घरांत राहत होते. मालक पोर्तुगालला गेलेला. मुक्तीनंतर जमीन परागंदा मालमत्ता ठरून सरकारी अभिरक्षकाच्या ताब्यात गेली आणि मयेकर आपल्याच गावात बिनकागदाचे झाले. २०१४ मध्ये विधानसभेने कायदा करीपर्यंत अर्धे शतक लोटले. सनदा त्यानंतर मिळू लागल्या. त्या पन्नास वर्षांत मयेकराला कोणी परका म्हणाले नाही, हे खरे. कागद मात्र त्याच्याकडेही नव्हता.

एक अडचण उरते, आणि तिच्यावर माझ्यापाशी पक्के उत्तर नाही. आपल्याकडे लायसन हे ओळखपत्र म्हणून सगळीकडे चालते, विमानतळाच्या दारात, लॉजवर, मतदान केंद्रावरसुद्धा. (तिथे यादीत नाव असल्याशिवाय त्याचा उपयोग नाही, हे विसरले जाते.) मग कसबाचा हा कागद हळूच दुसऱ्या कागदांची शिडी होईल, ही भीती निराधार नाही. कॅलिफोर्नियाने अशा लायसनवर एक ओळ छापली, की केंद्र सरकारच्या कामांसाठी हे मर्यादित आहे. त्याने शिडीची भीती गेली, पण रस्त्यात अडवणाऱ्या पोलिसाला पाहताक्षणी कळू लागले की हा माणूस कोणत्या जातीचा. आपल्या पोलिसांच्या हाती असा छाप असलेले कार्ड आले तर काय होईल याची कल्पना, एमएच-०७ ची पाटी लावून पत्रादेवी ओलांडणाऱ्यांना करता येईल. मी म्हणेन, छाप नको. लायसन ओळखपत्र म्हणून चालवून घेणे दुसऱ्या खिडक्यांनी थांबवावे. पण त्या थांबवतील असे मला वाटत नाही.

तोवर पत्त्याचा प्रश्न आहेच. टँकरवाल्याकडे पत्ता नाही असे आपण म्हणतो तेव्हा तो कुठे तरी राहतोच, आणि बहुधा आपल्यापैकीच कोणाच्या तरी पडवीमागच्या खोलीत राहतो. परदेशी पाहुणा ठेवला तर चोवीस तासांत त्याची माहिती सरकारला कळवायची असते. भाडेकरूंच्या पडताळणीचा कायदा गोव्याच्या विधानसभेने २०२४ मध्ये संमत केला. करार लिहून दिला असता तर पत्त्याचा पुरावा त्याच दिवशी तयार झाला असता. आमच्या वाड्यावरच्या एका घरमालकाला मी हे सहज विचारले. त्याच्या मागच्या चार खोल्यांत आठ-दहा माणसे राहतात, भाडे रोखीत येते. तो म्हणाला, कागद केला तर उद्या ते हलायचे नाहीत, शिवाय पंचायत घरपट्टी वाढवील ती वेगळी. म्हटले, बरे, आणि तो टँकर चालवतो त्याच्याकडे लायसन आहे का? त्यावर तो एकदम गंभीर झाला. "लायसन होयाच मरे! त्याच वाटेन आमची पोरां शाळेत जातत."